दारात थांबलेली बाई

आईचा पाय मोडला आणि माझं डोकं फिरलं, असं म्हटलं तरी चालेल. किल्लारीहून तिला जीपमध्ये आडवी घालून लातूरला आणलं, प्लास्टर घातलं आणि माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. आईनं पहिल्याच दिवशी वर स्लॅबकडे बघितलं आणि म्हणाली, "मला खाली ने."

खाली म्हणजे कंपाउंडमध्ये, उघड्यावर. भूकंपानंतर गावाला नवी, मजबूत घरं मिळाली. पण आमच्याकडं त्या घरात ज्वारीची पोती झोपतात आणि माणसं पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी भूकंपानंतर दोन वर्षांनी जन्मले, त्यामुळे मला हे सगळं खूळ वाटायचं. शाळेत मैत्रिणींना मात्र ऐटीत सांगायची, की माझा मोठा भाऊ आत अडकला होता, आई त्याच्यासाठी पडत्या घरात शिरली आणि लोकांनी तिला एकटीलाच ओढून बाहेर काढलं. गावात सगळे असंच सांगायचे. आई तिथंच बसलेली असायची, ज्वारी निवडत. कधी काही बोलली नाही.

दिवसभर मी क्लासमध्ये पोरांना बायोलॉजी शिकवते. घरी आले की आईचं सुरू. दार उघडं ठेव. कॉट दाराजवळ ओढ. जीप बोलाव. धड जेवायची नाही, झोपायची नाही, नजर सारखी वर. तिच्या त्या चुळबुळीनं मलाही घरात बसवेना. "अगं, सहा आठवडे आत राहिलीस तर मरशील का?" असं एकदा बोलून गेले. जीभ झडावी माझी.

मग मी टीव्हीला गेम जोडून बसायची. तिशीतली बाई गेम खेळते म्हणून नातेवाईक नाकं मुरडतात. मुरडू देत! त्यांना काय सांगायचं, की त्यातलं माणूस आपलं का वाटतं ते? तलवार फिरवणारे ढिगानं मिळतात. ते मला अजिबात आठवत नाहीत. पण एखादी पायऱ्या चढून दमते, कमरेवर हात ठेवून उभी राहते, ती माझ्या घरची वाटते. आणि तिला चालवायचं आपणच. सिनेमातलं कुणी चुकलं तर त्याला शिव्या घालून मोकळं होता येतं, इथं चूक आपल्या अंगठ्याची.

त्या आठवड्यात लावलेल्या गेममध्ये एक बाई पडक्या गावात आपलं मूल शोधत होती. संध्याकाळी सहाची वेळ. शोधत शोधत ती एका घराच्या दारात आली आणि थांबली. चौकटीला हात लावला, वर बघितलं, पाऊल मागं घेतलं. मी बटण दाबलं. पुन्हा तेच. मला वाटलं गेमचा रिमोट बिघडला. मी कचाकचा बटणं दाबायला लागले.

"नको गं तिला ढोसू," आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्लॅबकडं न बघता टीव्हीकडं बघत होती.

"ढोसू नको तर काय करू? आत पोरगं आहे तिचं आणि ही दारात उभी. असली कसली आई?"

आई म्हणाली, "भ्याली असल."

"भिऊन कसं चालेल?"

"न्हाई चालत. पर भेतंय की माणूस. मी बी भ्याले हुते."

"पण तू गेलीस ना आत!"

"न्हाई."

मी रिमोट खाली ठेवला.

"दारापत्तुर गेले," आई म्हणाली. "वरून माती गळून राहिली हुती. चौकट धरली अन् पाय उचललाच न्हाई, माय. मग घर बसलं. लोकांनी मला दारात धरलं, त्यांला वाटलं मी आतून आले. मी हाव बी म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. तुझ्या बापाला सुदिक सांगितलं न्हाई कधी."

मला लाज वाटली, भयंकर लाज. ती बाई थांबली तर मी तिला नावं ठेवली, तेही आईसमोर. आणि ती शौर्याची गोष्ट मी वर्षानुवर्षं तिच्या तोंडावर पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगत आले होते. मोठेपणा माझा, आणि शिक्षा तिला. काय करावं सुचेना, म्हणून मी तिच्यावरच ओरडले, "गेली असतीस तर मी कुठून आले असते गं?"

"ते कळतंय मला," आई म्हणाली. "पर त्यानं दोनदा हाक मारली हुती."

मी तिचा हात धरून बसले. नंतर उठून शेजारच्या चाचांना आणि त्यांच्या मुलाला बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही तिघांनी तिला तीन जिने उतरवलं. चाचांनी "आपा को तकलीफ नको" म्हणत खुर्ची उघड्यावर टेकवली. वर आभाळ दिसल्यावर आईनं पाणी मागितलं, मग भाकरी मागितली.

सकाळी किल्लारीची जीप सांगितली आणि क्लासच्या सरांना फोन केला, की सहा आठवडे येणार नाही. ते वैतागले. परीक्षा तोंडावर आलीय, पाय तुमचा मोडलाय की आईचा, असं विचारायला लागले. मी म्हटलं, "सर, आईला आत झोपवत नाही. मी तिच्यासोबत बाहेर झोपणार आहे."