थेंब पिणारी चकती

पेशी वाढवायला आम्ही जिलेटिन गोठवून, मग त्यातला बर्फ उडवून सच्छिद्र चकत्या करायचो. दुष्काळाची वर्षं, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. तरी प्रयोगशाळेतले शिपाईमामा प्रत्येक खेपेच्या एका चकतीवर थेंबभर पाणी सोडून मान वाकडी करून बघत बसत.

माझ्या चकतीवर थेंब तसाच बसून राहिला.

“म्याडम, वर पापुद्रा धरलाय. पाणी आत जात नाय, तिथं पेशी कशा जातील?”

मी हट्टानं पेशी सोडल्याच. त्या वरच्या वर मेल्या.

पुढची खेप मी सावकाश गोठवली, म्हणजे बर्फाचे कण मोठे होऊन छिद्रंही मोठी पडतील. थेंब चटकन जिरला, मग पेशी सोडल्या. आठवड्यानं मामांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, “पार तळाला गेल्यात की. लई चांगली जागा केली तुम्ही त्यांना.”