आपाचा नान

खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि आपाने माझ्या हातात बशीएवढा गोल नान ठेवला. "चाव," म्हणाली. कझाकस्तानातल्या कारागांडाला मी मेडिकल शिकले, त्यातली पाच वर्षं या म्हातारीच्या घरी भाड्याने राहिले. आपा म्हणजे तिकडे आजी. तिचं ऐकायचं नाही अशी माझी बिशाद नव्हती. चावला. मग आईने घोटून घेतलेलं आठवलं, की पानात टाकायचं नाही. बूट चढवता चढवता मी अख्खा नान संपवला.

आपाचा चेहरा पांढराफटक पडला. "काय केलंस हे, पोरी!" तिची मुलगी आयगुल हिने मला समजावलं. तिकडे लांब जाणाऱ्याने नानाचा एकच घास घ्यायचा असतो. उरलेला घरात जपून ठेवतात आणि माणूस परत आला की तो संपवतो. मी तर सगळाच खाऊन बसले होते. दुसरा भाजायला वेळ नव्हता. आपा दारात रडत होती, मी जिन्यात.

त्याला नऊ वर्षं झाली. मी परत गेले नाही. परीक्षा, लग्न, बहारीनचं लायसन्स, माहूजमधला फ्लॅट, क्लिनिकच्या शिफ्ट, इशानचा जन्म. कारणं काय, ढीगभर असतात.

गेल्या महिन्यात आयगुलचा फोन आला. आपा अंथरुणाला खिळली आहे, सारखं माझं नाव काढते. मी त्याच दिवशी लीव्ह टाकली आणि तुम्हा सगळ्यांना कळवलं. काय गहजब झाला! आई, तू म्हणालीस, "अगं बाई, वर्षाची एक सुट्टी, ती त्या ओसाड माळावर घालवणार? भाड्याची खोली होती ती, घर नव्हे." दादा, तू म्हणालास, बर्फ आणि घोडे सोडून तिकडे आहे काय. आणि इथे बहारीनमध्ये जनाबियाच्या एका व्हिलात दिवाळीच्या फराळाला एक बाई चिवड्याची डिश पुढे करत म्हणाल्या, "तिकडे कल्चर असं काही नसेलच ना?" तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार.

ओसाड म्हणे! जूनमध्ये त्या माळावर गुडघ्याएवढं गवत असतं आणि वारा सुटला की सगळा माळ चंदेरी होतो. त्याच गवतावर आपाच्या आजोबांची मेंढरं चरायची. तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारने कळप काढून नेले, दुष्काळ पडला, आणि आपाच्या आजीने चार पोरं एका हिवाळ्यात पुरली. माळ ओसाड नव्हता हो, केला गेला. पुढे त्याच जागी तारेची कुंपणं घालून कैदी आणले. जर्मन, कोरियन, चेचेन अशी घरादारातून उचललेली माणसं वॅगनी भरभरून आणून टाकली. आपाच्या आईने त्यातल्या एका जर्मन बाईला लेकरासकट घरात घेतलं, तेही घरात पीठ नसताना. आपाचा नवरा कोळशाच्या खाणीत राबला आणि खोकून खोकून गेला. त्या कोळशावर लांबलांबचे कारखाने चालले. आणि आपण विचारायचं, तिकडे आहे काय?

कल्चरचं म्हणाल, तर पहिल्याच आठवड्यात आपाने मला माझ्या सात पिढ्यांची नावं विचारली होती. तिकडे शेंबड्या पोरालाही ती पाठ असतात. मी पणजोबांवर अडकले. दादा, तुला तरी येतात का रे पुढची? मग उगाच कशाला तोंड वर करून बोलायचं?

आणि "तिकडची डॉक्टर" म्हणताना नाकं मुरडता ना, तेही सांगते. शिरेत सुई घालायला मी शिकले ती आपाच्या हातावर. तीनदा चुकले, हात काळानिळा झाला. ती दुसरा हात पुढे करून म्हणाली, "घाबरतेस कशाला, मला अजून एक आहे." आज क्लिनिकमधली लहान पोरं मी सुई टोचली तरी रडत नाहीत.

पण खरं सांगू? सगळ्यात जास्त संताप माझा माझ्यावरच आहे. इथे कुणी विचारलं कुठे शिकलात, तर मी "अब्रॉड" म्हणायचे आणि खलास, विषय बदलायचे. नऊ वर्षं मी त्या बाईचं गाव लपवलं. लाज वाटते आता.

परवा आयगुलने व्हिडिओ पाठवला. आपाच्या खाटेच्या वर भिंतीला कापडी पिशवी टांगलेली. आयगुलने आतून नान काढून दाखवला. मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आपाने नवा भाजला आणि माझ्या नावाने स्वतःच एक घास चावला. तेव्हा तिला पुढचे दोनच दात होते, खूणही तेवढीच. इशान खांद्यावरून डोकावत म्हणाला, "मम्मा, इज दॅट युवर रोटी?" हो म्हटलं, माझीच.

आई, कोकणातलं आपलं दार मला कधीही उघडं आहे, ते कुठे जात नाही. आपाकडे आता वेळ नाही. शुक्रवारी निघते. नान दगड झाला असेल, चहात बुडवीन, पण शेवटच्या तुकड्यापर्यंत खाईन. पानात टाकायचं नाही, हे तूच शिकवलंयस.