गहिनीनाथचे ग्रेस मार्क

मी तिसगावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि एकाही पोराला ग्रेस मार्क दिला नाही. चौतिसाला अडकलेला पोरगा चौतिसालाच राहिला. पोरांचे बाप संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि उठता उठता म्हणायचे, "गुर्जी, एकाच मार्काचा तर सवाल हाय." त्यात एक बाप गहिनीनाथचा होता. आठवीत गणितात दोनदा नापास करून मी त्याला टेम्पोच्या स्टिअरिंगवर बसवलं असं गहिनीनाथ आजही सांगतो. तक्रार म्हणून नव्हे, आभार म्हणून. मला हे असले आभार आवडत नाहीत.

तो माझ्या समोरच राहतो. त्याच्या घरून काहीतरी पोटात गेल्याशिवाय बाहेर पडलेला माणूस मी पाहिलेला नाही. एकदा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस पिठलं-भाकरी खाऊन तिथंच आडवा झाला आणि उठल्यावर रीडिंग न घेताच निघाला. गहिनीनाथने स्वतः मीटर वाचून आकडा त्याच्या मागे पळत जाऊन सांगितला. पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढा एकच नियम या माणसाला पाठ होता. बाकीचे नियम मी शिकवले होते, ते विसरला.

दोन वर्षांपूर्वी कडब्याने भरलेल्या टेम्पोवर दोर आवळायला तो चढला, दोर सटकला आणि तो पाठीवर पडला. पाठीचा दहावा मणका मोडला. आतला मज्जारज्जू चेंगरला. बेंबीच्या खाली काही म्हणजे काही कळेना. सेहेचाळीस वर्षांचा गडी चाकाच्या खुर्चीत बसला, आणि त्याच्या घराला पुढच्या बाजूने तीन पायऱ्या. गवंडी हनुमंत म्हणाला, पायऱ्या फोडून उतार करतो, दोन दिवसांचं काम. गहिनीनाथची बायको चांगुणा म्हणाली, पाऊसकाळ सरू दे. तोवर रोज सकाळी हनुमंत आणि मी मिळून गहिनीनाथला खुर्चीसकट अंगणात उतरवायचो आणि अंधारायच्या आत वर चढवायचो. म्हणजे उचलायचा हनुमंत. मी एकोणसत्तर वर्षांचा. मी मागचं चाक धरून सूचना द्यायचो.

मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून अनन्या आली. ही मुलगी नगरची, फिजिओथेरपी शिकलेली, आणि एस.टी. लागण्याच्या बाबतीत जिल्ह्यात पहिली. करंजीचा घाट उतरून ती आली तेव्हा तिचा चेहरा हिरवा होता. चांगुणाने तिला आधी लिंबू-मीठ चाटवलं, मग बोलू दिलं.

तिचं म्हणणं असं. हाताची किंवा पायाची नस तुटली तर ती हळूहळू परत वाढते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. पण कण्याच्या आतल्या नसांना हे जमत नाही. जखमेच्या जागी वण धरतो, आणि वाट शोधत निघालेला धागा त्या वणापाशी अडतो. त्यांच्या संस्थेने कमरेला बांधायचा एक पट्टा केला होता. त्यातून रोज तासभर बारीक वीज सोडायची आणि सोबत व्यायाम करायचा. त्याने त्या नसा जाग्या होतात का, हे बघायचं होतं. चाळीस माणसं निवडली होती. निम्म्यांच्या पट्ट्यात खरी वीज, निम्म्यांच्या पट्ट्यात नुसता दिवा. कुणाला काय मिळालं हे बंद पाकिटात. अनन्यालाही माहीत नाही.

"म्हंजी खोटा पट्टा मिळाला तरी रोज तासभर बांधायचाच?" गहिनीनाथने विचारलं.

"हो काका. दोन्हींची तुलना केल्याशिवाय कळणार कसं?"

"बरं. बांधू की. तुमी एवढ्या लांबून आलाय."

संमतीचे अठरा पानी कागद होते. ते वाचून समजावून द्यायला आणि साक्षीदार म्हणून सही करायला गावातलं शिकलेलं माणूस हवं होतं. मी सगळं वाचलं, दोन ठिकाणी बेरीज तपासली आणि सही केली. तपासणी होईल तेव्हा मी हजर राहीन असंही सांगितलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण परीक्षा चालू असताना घरी बसणं माझ्याच्याने होत नाही.

ती परीक्षा अशी. गहिनीनाथने डोळे मिटून पडायचं. अनन्या एकेका जागी आधी कापूस टेकवणार, मग टाचणी, आणि विचारणार, "जाणवलं?" काहीच नाही तर शून्य, अंधुक कळलं तर एक, गालावर कळतं तसं कळलं तर दोन. बेंबीच्या खाली प्रत्येक बाजूला अकरा जागा. काही जागा अवघड होत्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. पहिल्या खेपेला बेंबीपासून करंगळीपर्यंत शून्याखाली शून्य.

"लई शून्यं झाली का?" गहिनीनाथने डोळे उघडून विचारलं.

"शून्य हाही निकालच असतो, काका," अनन्या हसून म्हणाली. पण ती दमलेली होती, आणि परतीचा घाट तिच्या डोळ्यांसमोर होता. गहिनीनाथने तिचा चेहरा बघितला. मी गहिनीनाथचा बघितला. तिथंच मला कळायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात डाव्या मांडीवर टाचणी टेकली तेव्हा तो म्हणाला, "व्हय. बारीक कायतरी हाय." अनन्याने परत टेकवली. परत व्हय. त्या दिवशी तीन मार्क मिळाले, आणि एरवी चहासुद्धा पोटात न ठरणाऱ्या त्या मुलीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या महिन्यात सात. चौथ्यात बारा.

मी जन्मभर पोरांच्या रांगांतून फिरलेला माणूस. कोण शेजारच्याचं बघतोय हे मला पाठीमागूनही कळतं. गहिनीनाथची उत्तरं फार वेळेवर येत होती. एका दुपारी त्याला अंगणात एकटं गाठून मी विचारलं, "खरं सांग, कळतं का तुला?"

"न्हाई गुर्जी."

"मग व्हय का म्हणतोस?"

"पोरगी टेकवायच्या आदी श्वास धरती. टाचणी आसली की आवाज मऊ करून इचारती, तिलाच टोचल्यावानी. मग आपुन व्हय म्हनायचं." तो अगदी समाधानाने सांगत होता. "सगळं न्हाई देत. थोडं थोडं देतो. तिला घाट चढून जायचा आसतो."

म्हणजे ज्याला मी दोनदा नापास केलं तो माणूस खाटेवर पडल्या पडल्या संशोधनाला ग्रेस मार्क वाटत होता. मी चिडलो. असा चिडलो की घरी येऊन अनन्याला फोन लावायला मोबाईल हातात घेतला. तेवढ्यात समोरून चांगुणा आली. तिच्या हातात आलेखाचा कागद होता, अनन्याने दिलेला. रेघ वर वर चढत होती. चांगुणाला अक्षरओळख बेताची, पण वर जाणारी रेघ कुणालाही कळते.

"गुर्जी, ह्या मापानं दिवाळीपतोर कुठवर जाईल ही?" तिने विचारलं.

मी मोबाईल खाली ठेवला. कागद उलटसुलट केला, चष्मा पुसला आणि म्हणालो, बघू. चौतीस वर्षांत जो मार्क मी कुणाला दिला नाही, तो मी तिथं दिला. त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच संध्याकाळी तिने हनुमंतला सांगितलं, "उताराचं ऱ्हाऊ दे. पायऱ्या फोडून परत बांधायच्या कशाला? दिवाळीला ते आपल्या पायानं चढत्याल." हनुमंतने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलताना हनुमंतच्या कमरेत चमक भरली.

गहिनीनाथला हे कळलं तेव्हा त्याचं समाधान उतरलं. "ही तर आलेख धरून बसली," तो मला हळूच म्हणाला. "आता कमी करावं म्हनतो एकदोन मार्क." पण पाचव्या महिन्यात अनन्या आली ती चांगुणासाठी हिरव्या बांगड्या घेऊन, आणि चांगुणा दारात उभी. दोघींच्या मध्ये सापडलेल्या त्या माणसाने एकोणीस मार्क देऊन टाकले.

एकोणीस मार्कांनी पुणं हादरलं. सहाव्या महिन्यात अनन्याबरोबर तिच्या वरिष्ठ, डॉक्टर सुमेधा, स्वतः आल्या. पांढरे केस, सुती साडी, कमी बोलणं. मला बाई एकदम आवडल्या. चहा त्यांनी तपासणीनंतर घेईन म्हणून बाजूला ठेवला. त्या घरात हे पहिल्यांदा घडलं.

त्यांनी कापूस घेतला, टाचणी घेतली, चार जागा तपासल्या. गहिनीनाथने रीतसर उत्तरं दिली. मग सुमेधाबाईंनी दोन्ही वस्तू ट्रेमध्ये ठेवल्या, दोन पावलं मागे सरकल्या, हाताची घडी घातली, एक श्वास धरला आणि मऊ आवाजात विचारलं, "आता?"

"व्हय," गहिनीनाथ डोळे मिटून म्हणाला. "टाचनी. पन लई हलका हात हाय मॅडमचा."

मग त्याने एक डोळा उघडला. बाई खाटेपासून दोन पावलं लांब. अनन्याची मान खाली. आणि स्वयंपाकघराच्या दारात चांगुणा, हातात पोह्यांची ताटली.

"का, गहिनीनाथ?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते आणखी वाईट वाटलं.

"पोरगी ओकत ओकत येती. तिला मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं?"

बाई खाटेवर बसल्या. "जामखेडला एक बाई आहेत. पेरूच्या झाडावरून पडलेल्या. त्या रोज हाच पट्टा बांधतात. तुमच्या व्हयवर विश्वास ठेवून मी त्यांना सांगणार होते की पट्टा चालतो, आणखी पाच वर्षं बांधा. मी काय सांगू त्यांना?"

अनन्याने पाच महिन्यांच्या कागदांवर तिरक्या रेघा मारल्या, प्रत्येकीखाली तारीख घातली आणि सही केली. माझीही सही घेतली. बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून पहिल्यापासून सुरू करू, पण खरं सांगणार असाल तरच.

पाहुण्या गेल्यावर चांगुणाने पोह्यांची ताटली त्याच्यासमोर ठेवली. "पोरीला मार्क दिले," ती म्हणाली. "मला काय दिलं?"

नंतर ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. चहा यायचा, त्यात साखर नसायची. गहिनीनाथ तो पिऊन "झ्याक झालाय" म्हणायचा आणि आणखी गोत्यात यायचा. पाचव्या दिवशी तिने हनुमंतला फोन केला. "पायऱ्या फोडायला ये," एवढंच. हनुमंत कमरेला पट्टा बांधून आला. पायऱ्यांवर पहिला घण पडला तेव्हा ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी उताराचं माप काढून दिलं, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. हनुमंत म्हणाला, एवढं लांब तर अंगणच न्हाई. मग उतार एकदा वळवावा लागला.

पुढच्या महिन्यात अनन्या आली. या खेपेला तिने आधीच सांगितलं, "काका, मी मधेच नुसतंच विचारणार आहे." गहिनीनाथने डोळे मिटले. चांगुणा या वेळी दारात नव्हती, खाटेच्या पायथ्याशीच बसली होती.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई. न्हाई." त्याच्या कपाळावर घाम आला होता. कडब्याची शंभर ओझी चढवताना या माणसाला घाम आलेला मी पाहिला नव्हता. उजव्या मांडीवर तो थांबला. "इथं... कळंना. हाय, का मला नुसतं वाटतंय, त्येच कळंना."

अनन्याने तिथं दहा वेळा तपासलं, कधी टाचणीचं टोक, कधी डोकं. पाच बरोबर आले.

"पन्नास टक्के," मी म्हणालो. "माझ्या शाळेत पास."

"आमच्याकडे दहात आठ लागतात, सर. पाच म्हणजे अंदाजपंचे," ती म्हणाली आणि शून्य लिहिलं. मला तिचा अभिमान वाटला.

सगळं मिळून शून्य. अनन्या कागद आवरायला लागली, तेव्हा चांगुणा म्हणाली, "थांब गं पोरी. मला बी एकदा इचारू दे." मग नवऱ्याला म्हणाली, "अवो, डोळं मिटा."

त्याने मिटले. तिने तळहात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून धरला. श्वास तिने धरला नव्हता, आवाज मऊ केला नव्हता.

"हाय का हात?"

गहिनीनाथचे ओठ हलले. खोलीतल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं त्याला काय म्हणायचंय ते. बायको विचारत होती, आणि या माणसाने दारात आलेल्या परक्यालाही कधी नकार दिला नव्हता.

"न्हाई गं," तो म्हणाला.

"बरं," चांगुणा म्हणाली. आणि हात तिथंच ठेवून, सात महिन्यांत पहिल्यांदाच, तिने मला चहा टाकायला सांगितला.