फुमिएच्या यादीतलं नववं घर

डोंगरातल्या इवादाइरा गावच्या बस थांब्यावर फुमिएची लाकडी खिडकी आहे. गावात गरम झऱ्यांच्या काठाने नऊ पाहुणघरं, आणि आगाऊ न ठरवता आलेला पाहुणा बसमधून उतरला की त्याला कुठे धाडायचं ते फुमिए ठरवते. तेवीस वर्षं झाली. बाई यात इतकी तयार, की पाहुण्याने तोंड उघडायच्या आत हिचं अर्धं ठरलेलं असतं. आधी बघते ती पायांकडे. डोंगर चढायचे बूट असले तर पहाटे न्याहारी देणारं घर. वाकताना ज्याचा चेहरा आवळतो, त्याला जिना नको. नवरा-बायको दोन हात लांब उभे असतील तर त्यांना थेट नदीकाठी, म्हणजे पाण्याच्या आवाजात भांडण शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. दुसऱ्या दिवशी तोच पाहुणा परतीच्या बसला हसत आला की हिला कोण आनंद! एखाद्याचं लग्न जमवल्यासारखी दिवसभर मिरवते.

पण नऊ घरं म्हटलं तरी ती पाहुणे पाठवायची आठच घरी. नववं मात्सुनोया. ते तिचं माहेर, आता तिचा थोरला भाऊ कांजी चालवतो. ती खिडकीत बसली त्या पहिल्याच दिवशी पाहुणघरांच्या संघाचे तेव्हाचे अध्यक्ष चारचौघांत हसत म्हणाले होते, "चला, कांजीची चंगळ झाली. घरचंच माणूस खिडकीत!" झालं. ते जे मनाला लागलं ते लागलंच. पाहुण्याने आपणहून नाव घेतलं तरच मात्सुनोया, एरवी चकार शब्द नाही. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून स्वतःच्या भावाचं घर तेवीस वर्षं झाकून ठेवणारी माणसं आमच्याच गावात निपजायची! आणि भाऊ तरी काय, त्यानेही एकदा म्हणून विचारलं नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

त्या दिवशी सकाळी मात्र कांजी खिडकीशी आला आणि एक पांढरं पाकीट पुढे सरकवलं. पाच वाजता अध्यक्ष टपाल न्यायला येतात, त्यांना दे म्हणाला. तिने विचारलं काय आहे.

"पानगळ संपली की दारावरचा पडदा उतरवतोय. घर बंद."

पाहुणे कमी झालेत का, असं तिने चाचरत विचारलं.

"नेहमीचे येतात की. पण सख्ख्या बहिणीला जे घर कोणाला सांगावंसं वाटत नाही, ते चालवून मी तरी काय करू?"

एवढं बोलून तो गेला. फुमिएने पाकीट खणात टाकलं. डोंगर पानांनी लालभडक पेटलेले, बसमागून बस भरून येत होती, ती माणसं वाटत होती, हसत होती, आणि खणातलं ते पाकीट तिला दिवसभर टोचत होतं.

तीनच्या बसने ओनोदेरा म्हणून एक जोडपं उतरलं. सेंदाई शहराकडचा निवृत्त सुतार, सत्तरी उलटलेला, उजवा गुडघा आखडलेला. सोबत चिमणीएवढी बायको. म्हातारा उतरताच कुरकुरायला लागला, की घरची मोरी काय वाईट होती. बायकोने त्याला बाकावर बसवलं आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात अडचण सांगितली. गेल्या वर्षी हे न्हाणीत घसरून पडले. तेव्हापासून एकट्याला आत सोडायचा तिला धीर होत नाही. पण पाहुणघरात गरम पाण्याचं पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं. दोघांना एकत्र जाता येईल असं छोटं कुंड आहे का कुठे? पायऱ्या नसलेलं?

फुमिए बोटं मोजायला लागली. चिदोरीयाला तसं कुंड आहे, पण नदीपर्यंत अडतीस पायऱ्या. तानिमोतोचं बागेत, वाट सगळी निसरड्या दगडांची. पुलाजवळच्या नव्या हॉटेलात लिफ्ट आहे, पलंग आहेत, पण कुंडं दोनच, मोठी. बाकीच्यांकडे एक तर जिना, नाही तर आज भरलेलं. आठ बोटं मिटली. नववं राहिलं होतं. तिची आई पायाने अधू झाली तेव्हा वडिलांनी स्वयंपाकघरामागे, जमिनीच्या पातळीला, एक लाकडी कुंड बांधलं होतं. दोन्ही बाजूंना हाताला धरायला गुळगुळीत दांडे. लहानपणी आईला धरून तीच तर आत न्यायची.

आणि तरीही हात सवयीने पाहुण्याला द्यायच्या चिदोरीयाच्या चिठ्ठीकडे गेला. अडतीस पायऱ्या! बघा सवय काय असते ती.

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "बाई, तुमच्या आईला असं असतं तर तुम्ही तिला कुठे नेलं असतं?"

फुमिएने चिठ्ठी फाडली आणि फोन उचलला.

तिचा आवाज ऐकताच कांजी म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, दादा. दोन पाहुणे पाठवतेय."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "आपल्या घराचं नाव घेतलं का त्यांनी?"

"नाही. मी निवडलं. त्यांना आईचं कुंड हवंय."

आता कांजीची त्रेधा उडाली. त्या कुंडात गेली दहा वर्षं मुळ्याच्या लोणच्याची पिंपं होती. सात पिंपं! फुमिए म्हणाली काढ. तो म्हणाला वास येतो. ती म्हणाली, मग मी येते घासायला.

थांब्याशेजारी पाय बुडवून बसायचा गरम पाण्याचा चर आहे. तिथे तिने ओनोदेरांना बसवलं, हातात भाजलेल्या चेस्टनटची पुडी दिली आणि तासाभरात न्यायला येते म्हणाली. मग खिडकी लावली. सणासुदीला, तापात, कधी न लावलेली खिडकी भर मोसमात लावून अठ्ठावन्न वर्षांची बाई चढावर पळत सुटली. सोबा शेवयांचं दुकान चालवणारी किकुयो तर बाहेर येऊन विचारायला लागली, की आग कुठे लागली.

बाह्या बांधून दोघं भावंडं कुंडात उतरली. पिंपं ओढली, काथ्याने फळ्या घासल्या, पुन्हा घासल्या. वहिनी बादल्या ओतत होती. घासता घासता मान वर न करता कांजी म्हणाला, "मला वाटायचं, तुला आपल्या घराची लाज वाटते."

"लाज?" फुमिए उसळलीच. "डोळे मिटून प्रत्येक पाहुण्याला इथेच पाठवलं असतं मी. तेवढ्यासाठीच तर भीत होते."

कांजीने काथ्या खाली ठेवला. मग उठून त्याने झऱ्याची नळी कुंडात सोडली. पाठ फिरवून तो बराच वेळ पाण्याकडेच बघत राहिला. फुमिएही डोळे पुसत होती, मुळ्याच्या वासाने म्हणाली.

फुमिएने कांजीच्या गाडीतून ओनोदेरांना वर आणलं आणि साडेचारला ते दोघं कुंडात उतरले. फुमिए आणि कांजी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ऐकत होते. सुतार आधी कुरकुरला, की मुळ्यासारखा वास येतोय. मग बायकोला म्हणाला, "हे दांडे बघितलेस? बायकोच्या हाताचं माप घेऊन केलेत कोणीतरी. मोठे नाहीत." आणि मग दोघांचं हसणं, पाण्याचा सपसप आवाज, आणि सावकाश, सावकाश म्हणणारी म्हातारी.

खाली देवळाची पाचची घंटा झाली. कांजी दचकला.

"पाकीट? अध्यक्ष आले असतील."

"खिडकी बंद आहे," फुमिए म्हणाली. "पाकीट खणात आहे."

"मग उद्या देशील?"

"उद्या शनिवार. तीनची बस भरून येणार, मला वेळ कुठला?" तिने ओल्या बाह्या सोडल्या, पिळल्या. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुझ्याकडे खोल्या किती मोकळ्या आहेत?"

कांजी बोटं मोजायला लागला. आत म्हातारा आता गुणगुणायला लागला होता.

"तीन," कांजी म्हणाला.