डोळ्यांना लावायचं पाणी

डिसेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको श्रीलंकेला गेलो होतो. नदी असो की समुद्र, माझी बायको आधी वाकून पाणी डोळ्यांना लावते, मगच पाय बुडवते. बेंटोटाच्या किनाऱ्यावरही ती तशीच वाकली. आजूबाजूला गोरे पर्यटक उन्हात पहुडलेले. मी पुटपुटलो, "इथं तरी नको गं, लोक बघतायत." तिने ओंजळीतलं पाणी सोडून दिलं आणि हात ओढणीला पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथलाच एक म्हातारा कोळी होडी ढकलायला आला. आधी तो वाकला, त्याने पाणी कपाळाला लावलं आणि मगच पाण्यात पाय घातला. त्याची भाषा निराळी, देवही बहुधा निराळा. पण पाय लागणार म्हणून आधी माफी मागायची रीत तीच. आणि मी मेला इतक्या लांब येऊन लाजलो कुणाला, तर ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती त्यांना.

"बघ, तोही करतो. तूही कर ना," मी म्हणालो.

"असू दे. लोक बघतायत," म्हणत ती सरळ पाण्यात चालत गेली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.