सीडीला हळदकुंकू

मी दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरते. ज्या प्रकाशकाचं काम तेव्हा करत होते त्यांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यांच्या फाइली माझ्या कॉम्प्युटरवर उघडेनाशा झाल्या. उघडल्या तरी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. काही कादंबऱ्या तशा बऱ्या वाटल्या, पण चौकटी तपासायचे पैसे कोणी देत नाही. प्रकाशकाकडे कॉम्प्युटर बघणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, जुनं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल. दसऱ्याला सुट्टी आहे, सकाळी येतो. फोन ठेवण्याआधी त्यांनी मला बॅकअपचं महत्त्व समजावलं. "मॅडम, डेटा म्हणजे लक्ष्मी," असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आधीही बऱ्याच घरी वापरलं असावं.

माझी लक्ष्मी म्हणजे लोकांच्या चुका. ती गेली असती तर मराठी साहित्याला काही फरक पडला नसता. माझा जीव अडकला होता तो एकाच फाइलीत. ती बाबांच्या भजनी मंडळाची होती.

बाबा गिरणीत मागावर होते. त्यांच्या खात्यातल्या लोकांनी मिळून मंडळ काढलं होतं आणि संपाच्या आधी काळाचौकीला आमच्याच चाळीत, सत्यनारायणाच्या रात्री, ते गायले ते कोणीतरी टेपवर घेतलं. गाणारे बुवा म्हणजे बाबांच्या शेजारच्या मागावरचे. बाबा झांज वाजवायचे; त्यांनी गायचं नाही, एवढी एकच अट मंडळाने घातली होती. संप लांबला तेव्हा बुवा थोड्या दिवसांसाठी म्हणून गावी गेले. संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही, त्यामुळे बुवा परतही आले नाहीत. तिकडेच वारले. पुढे मी ती कॅसेट दादरच्या एका दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून आणली. बरंच झालं, कारण नंतर बाबांच्या टेपरेकॉर्डरने तिच्या शेवया केल्या. म्हणजे बुवा आता फक्त माझ्या मशीनमध्ये होते.

बाबांना ऐकू फार कमी येतं. कान मागांनी नेले. ते भजन ऐकतात ते स्पीकरवर तळवा ठेवून. दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर ठेका धरतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी सीडी करायला बसले. पहिली मध्येच बिघडली, ती चहाच्या कपाखाली गेली. दुसरी झाली. मी ती लावून शेवटपर्यंत ऐकली, तरी चैन पडेना. पुन्हा लावली. मग काढून कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवली. चकचकीत बाजू खाली ठेवली तर चरे पडतात असं वाचलं होतं, म्हणून ती वर ठेवली आणि झेंडू आणायला दादरला गेले. जिन्यावरून एकदा परत येऊन ती जागेवर आहे ना, हेही बघितलं.

खंडेनवमी म्हणजे बाबांचा दिवस. गिरणीत त्या दिवशी माग पुसून, तोरणं बांधून प्रत्येकाला हळदकुंकू लावायचे आणि घरच्यांना आत सोडायचे. लहानपणी मी गेले आहे. सगळे माग गप्प आणि त्या शांततेत बाबा नेहमीसारखेच ओरडून बोलत होते. संपानंतर पूजेला माग उरला नाही, पण बाबांनी पूजा सोडली नाही. हिंदमात्याला साड्यांच्या दुकानात घड्या घालायला जात होते तेव्हा तिथल्या कापड मोजायच्या गजाला त्यांनी कुंकू लावलं. घरी आधी शिलाई मशीन होतं, मग मिक्सर आला. मी फुलं घेऊन परतले तेव्हा पूजा आटोपली होती. मॉनिटरच्या कपाळी कुंकू, कीबोर्डवर अक्षता. सीडी बाबांनी नीट तिच्या पाकिटात घालून ठेवली होती. मला बरंच वाटलं.

दसऱ्याला सकाळी गृहस्थ आले. बॅकअप घेतला का, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं आणि त्यांनी जुनं सगळं पुसलं. मग पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या गतीने पुढे सरकू लागली. मी स्वयंपाकघरात गेले, गॅलरीत गेले, परत येऊन पट्टी बघितली, पुन्हा गॅलरीत. खाली टॅक्सीला हार घालत होते. ते संपूर्ण बघितलं तरी पट्टी तिथेच.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "ऑपरेशन थिएटरमध्ये नातेवाईक नसतात."

शेवटी नवी सिस्टीम आली. त्यांनी सीडी आत सारली. मशीनने घरघर केली, आवंढा गिळल्यासारखा आवाज काढला आणि सीडी बाहेर टाकली. त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली. चकचकीत बाजूवर हळदकुंकवाचं वाळलेलं बोट होतं आणि त्यात एक अक्षत चिकटलेली.

"हे काय?" ते म्हणाले.

आम्ही दोघं सीडीकडे बघतोय हे पाहून कॉटवरचे बाबा खुश झाले. "मीच लावलंय," ते म्हणाले. "बुवा आसत ना त्यात? कुंकू कपाळाक लावतत, पाठीक नाय."

मी नुसती मान डोलावली. बाबांना काहीही सांगायचं तर ते आधी चाळीला सांगावं लागतं.

गृहस्थांनी मऊ कापड मागितलं. मी बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा दिला. गोल पुसायचं नाही, मधून कडेकडे सरळ पुसायचं, असं म्हणत त्यांनी स्वतःच पुसलं. कुंकू गेलं, हळदीची झाक राहिली आणि अक्षतेच्या जागी चरा. या वेळी फाइलीचं नाव दिसलं, पण कॉपी निम्म्यात अडकली. मग त्यांनी, जे वाचता येत नाही ते गाळून बाकीचं उचलणारा एक प्रोग्रॅम लावला. लक्ष्मीबद्दल आता ते काही बोलत नव्हते. स्टूल पुढे ओढून तेही माझ्यासारखेच पट्टीकडे बघत बसले.

फाइल आली तशी मी बाबांना हाताला धरून टेबलापाशी आणलं आणि ती लावली. त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला. बुवांनी आलाप घेतला, पखवाज सुरू झाला, बाबांच्या तरुणपणीच्या झांजा आल्या, नेहमीसारख्या जरा उशिरा. टेबलावर बोटं चालू झाली. आणि एका ठिकाणी अर्धी ओळ गायबच झाली. बुवा एकदम पुढच्या शब्दावर. बाबांची बोटं अडखळली. त्यांनी ठेका पुन्हा पकडला. पुढे आणखी एक उडी आली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"बुवांक आज घाई आसा," बाबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "गावाक जावचा आसात."

आणि तळवा न हलवता शेवटपर्यंत बसले. पुढच्या प्रत्येक उडीला त्यांची बोटं आधीच तयार होती.

गृहस्थ निघाले तेव्हा बाबांनी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि ते वाकून बाबांच्या पाया पडले. मी दुपारीच बाहेर जाऊन कोऱ्या सीडी आणल्या आणि दोन केल्या. एक कपाटात कुलपात असते. दुसरी दर खंडेनवमीला मी बाबांसाठी बाहेर काढून ठेवते, चकचकीत बाजू वर करून.