नवरा पडावा म्हणून

नवरा निवडणुकीत पडावा म्हणून मी जीव तोडून प्रार्थना केली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून सती-सावित्रीची अपेक्षा ठेवणार नाही. शिवाय मी देव मानत नाही, त्यामुळे ती प्रार्थना नेमकी कुणाकडे केली हेही मला सांगता येणार नाही. पण केली, आणि अगदी मनापासून केली.

आम्ही दोघंही पुण्याचे, दोघंही इंजिनिअर. लग्नानंतर काही वर्षं इंग्लंडातल्या एका लहानशा गावात एकत्र राहिलो. मग मला रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी पुढे आले. ‘वर्षभरात मीही येतो,’ असं तो म्हणाला होता. त्याच्या त्या एका वर्षाला चार वर्षं लागली. आधी त्याला जर्मन येत नव्हतं. जर्मन आलं तर नोकरी मिळेना, नोकरी मिळाली तर मला मोठं घर मिळेना. शेवटी गेल्या वसंतात सगळं जुळून आलं. त्याला जुलैपासून इथल्याच एका फर्ममध्ये जागा मिळाली, आणि मला तीन खोल्यांची वोनुंग. खाली दारापाशी बेलच्या बटणाशेजारच्या क्लिंगेलशिल्डवर घरमालकाने आमची दोघांची आडनावं लावली. ती पट्टी बघायला मी पहिल्या दिवशी तीन वेळा कचरा टाकायला खाली गेले.

सासूबाई एप्रिलमध्ये आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. ‘तुम्हा दोघांना एकदा एका छपराखाली बघते आणि जाते,’ एवढंच त्यांचं म्हणणं. आल्या आल्या त्यांनी माझं कपाट उघडलं, माझे कपडे एका बाजूला सारले आणि अर्धं कपाट रिकामं केलं. त्या रिकाम्या अर्ध्यात त्यांनी डांबराच्या गोळ्यासुद्धा टाकल्या. माझे स्वेटर पुढे महिनाभर त्या वासाने ऑफिसात ओळखले जात होते.

आणि अशा वेळी चिरंजीवांचा फोन आला.

“अगं, शेजारच्या बाईंनी विचारलं, डिस्ट्रिक्ट कौन्सिलला उभा राहशील का म्हणून.”

“मग तू काय म्हणालास?”

“हो म्हणालो. नुसतं नाव द्यायचंय गं. दोन सह्या लागतात, बस.”

या शेजारीणबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, आणि तिथल्या एका पक्षाच्या गावपातळीवरच्या सर्वेसर्वा. त्यांच्या पक्षाला प्रत्येक वॉर्डात एक नाव हवं असतं, म्हणजे मतपत्रिकेवर पक्ष दिसतो. जिथे जिंकण्याची आशाच नाही तिथे असा एक कागदी उमेदवार उभा करतात. त्याने प्रचार करायचा नाही, खर्च करायचा नाही, मतमोजणीला जाऊन सभ्यपणे हरायचं आणि जिंकणाऱ्याशी हात मिळवायचा. आमच्या वॉर्डात पिढ्यान्‌पिढ्या दुसराच पक्ष निवडून येत होता. हरायला माझ्या नवऱ्यासारखा सभ्य माणूस त्यांना शोधून सापडला नसता.

“डिपॉझिट जप्त होईल का रे?” सासूबाईंनी स्पीकरवरून काळजीने विचारलं.

“इथे डिपॉझिटच नसतं, आई. आणि मी पडणारच आहे. जुलैत तिकडे येतोय ना!”

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हा माणूस भारतीय पासपोर्टवर इंग्लंडात निवडणुकीला उभा राहू शकतो, कारण एकेकाळी त्यांनी आपल्यावर राज्य केलं. जर्मनांनी ते केलं नाही, म्हणून मी इथे चार वर्षं इमानेइतबारे राहते आणि मला साध्या नगरपालिकेला मत देता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला त्यांची मतपत्रिका दाखवली होती. बव्हेरियात ती डबल बेडच्या चादरीएवढी असते. माझा लोकशाहीतला सहभाग म्हणजे मी तिचं दुसरं टोक धरून घडी घालायला मदत केली.

याच रागात मी ती चूक केली. आठवड्याभराने त्याचा पुन्हा फोन आला. नुसतं घरी बसून पडणं त्याला प्रशस्त वाटत नव्हतं, निदान चार गल्ल्यांत तरी पत्रकं वाटावीत असं वाटत होतं. पण दारात उभं राहून लोकांशी बोलायचं काय? मी तेव्हा अंगणात चार रंगांच्या डब्यांसमोर दह्याचं झाकण हातात घेऊन उभी होते आणि ते कुठल्या डब्यात जातं याचा विचार करत होते.

“कचऱ्याबद्दल बोल,” मी म्हणाले. “त्या कौन्सिलच्या हातात दुसरं आहे काय?”

मी टोमणा मारला होता. त्याने तो लिहून घेतला.

तिथे नेमकं त्याच वर्षी कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक बदललं होतं. हा पहिल्या दारात गेला आणि म्हणाला, तुमचा हिरवा डबा वेळेवर उचलतात का? त्या घरातून तो चाळीस मिनिटांनी बाहेर पडला. माझा नवरा सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. कुणी तक्रार सांगितली की त्याला ती नोंदवून, तिचा पाठपुरावा करून, बंद केल्याशिवाय झोप लागत नाही. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला, गल्लीवार. रोज दुपारच्या सुट्टीत कौन्सिलच्या कचेरीला फोन लावायचा आणि संध्याकाळी त्याच दारांत जाऊन सांगायचा, तुमचा डबा आता मंगळवारी. लोकांना मत मागणारे माहीत होते. उत्तर घेऊन परत येणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला.

“काल एका आजोबांनी केक दिला,” तो सांगायचा. “तू सुचवलंस ते एकदम गेनाऊ होतं, अगदी अचूक.”

त्याच्या आवाजात एक तरतरी आली होती. ती मला आवडत होती आणि तिची भीतीही वाटत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मतदानाच्या चार दिवस आधी सासूबाईंनी गणपती पाण्यात ठेवला. इच्छा पुरी होईपर्यंत देवाने पाण्यात राहायचं आणि झाली की बाहेर यायचं, असा हा सरळ व्यवहार. देवाला ओलीस धरायची ही पद्धत मला लहानपणापासून क्रूर वाटत आलेली आहे. प्रवासात बरोबर असावा म्हणून त्यांनी बोटाएवढा पितळी गणपती आणला होता. त्याला बुडवायला त्यांना माझ्या स्वयंपाकघरात एकच भांडं पसंत पडलं. काचेचं, उंच, मजबूत कान असलेलं. तो ऑफिसात मिळालेला लिटरभर बिअरचा मग होता. मी त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवत असे, त्यामुळे तसा तो सोवळ्यातलाच म्हणायचा. जाड काचेतून गणपती दुप्पट मोठा आणि जरा चकित झालेला दिसत होता.

“काय मागितलंत, आई?”

“सांगू नये गं. सांगितलं की फळत नाही.”

त्यात सांगण्यासारखं होतं काय? ‘मुलगा इंग्लंडात इलेक्शनला उभा आहे,’ हे त्यांनी पुण्यातल्या भिशीच्या सगळ्या बायकांना फोन करून कळवलेलंच होतं. त्या हात जोडायच्या तेव्हा मी मागे भांडी आवरत मनात म्हणायचे, बाबा रे, त्यांचं ऐकू नकोस, माझं ऐक, पाड त्याला. एकाच मगातल्या एकाच गणपतीकडे दोन उलटे अर्ज आले होते, आणि त्यातली एक अर्जदार नास्तिक.

मतदान गुरुवारी झालं, मोजणी शुक्रवारी दुपारी. मी होमऑफिस घेतलं आणि एकही काम केलं नाही. गावातल्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मोजणी होती. त्याने फोटो पाठवला. छातीवर कापडाचं भलंमोठं फूल, वरपक्षाच्या मामाला लावतात तसं. कौन्सिलच्या वेबसाइटवर एकेका वॉर्डाचा निकाल चढत होता. मी दर मिनिटाला पान ताजं करत होते. सासूबाई खिडकीपाशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी एकदाही विचारलं नाही. मध्येच म्हणाल्या, “त्याच्यासाठी हँगर कमी पडतील, चार आणून ठेव.”

तीन वाजता त्याचा मेसेज आला: फेरमोजणी. मी उभी राहिले. कागदी उमेदवाराची फेरमोजणी कशासाठी करतात?

चारला फोन आला. मागे टाळ्या वाजत होत्या.

“सात मतांनी!” तो ओरडला. “अगं, सात! आम्हाला स्टेजवर ओळीने उभं केलं, त्या बाईंनी माझं आडनाव बरोबर उच्चारलं. केकवाले आजोबा बाहेर थांबलेत, नुसतं हे ऐकायला.”

सात मतं म्हणजे त्या एका गल्लीतली चार घरं. म्हणजे तो हिरवा डबा. म्हणजे मी.

मग त्याचा आवाज उतरला. तो बाजूला कुठेतरी गेला असावा, कारण टाळ्या थांबल्या.

“चार वर्षांची मुदत आहे,” तो म्हणाला. “पण तू म्हणशील तर मी आत्ता जाऊन राजीनामा देतो. खरंच. तू फक्त म्हण.”

‘सोड ते सगळं आणि ये’ हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. महिनाभर भांडी घासताना मी ते घोटून ठेवलं होतं. पण चार वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. माझ्याशी फोनवर बोलताना तर नाहीच. त्याचा मला हेवा वाटला, रागही आला, आणि तो आवाज मोडायचं धैर्य मात्र झालं नाही.

“आधी त्यांचा डबा उचल,” मी म्हणाले. “मग बघू.”

तो हसला. मी फोन ठेवला, न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. बाहेर आले तेव्हा सासूबाई मेथी तशीच टाकून उभ्या होत्या. सगळा राग त्यांच्यावर निघाला.

“झालं ना तुमच्या मनासारखं? काढा आता त्या गणपतीला बाहेर. गुदमरला असेल.”

मी मगाकडे हात नेला. त्यांनी मगाच्या तोंडावर आपला तळवा ठेवला.

“राहू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “तो पडावा म्हणून ठेवला होता गं मी.”

मग मी त्यांना सांगितलं की मीही तेच मागत होते, तुमच्या पाठीमागे उभी राहून. त्या आधी माझ्याकडे, मग मगाकडे बघायला लागल्या, आणि आम्ही दोघी हसत सुटलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोघींना मिळून एका बोटभर गणपतीला पटवता आलं नव्हतं.

“एवढी वर्षं पूजा केली मेल्याची,” सासूबाई म्हणाल्या.

व्हिसा संपला तशा जुलैत त्या परत गेल्या. दोघांना एका छपराखाली त्यांनी पाहिलं ते चार दिवस, तो एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला जाताना येऊन गेला तेव्हा. इथल्या फर्मची जागा अर्थातच गेली. गणपती त्यांनी माझ्यापाशी ठेवला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी दर रविवारी पाणी बदलते. इथल्या पाण्यात काल्क, म्हणजे चुना, फार; किटलीत बसतो तसा पांढरा थर सोंडेवर बसतो, तो लिंबाने घासते. नास्तिकाने एवढं केलं तरी खूप झालं.

तो महिन्याआड येतो. आला की रिकाम्या अर्ध्या कपाटात दोन शर्ट टांगतो आणि स्वयंपाकघरात येऊन प्रत्येक वेळी तेच विचारतो, “हा अजून पाण्यात का? निकाल तर केव्हाच लागला.”

“तुमच्याकडचा लागला,” मी सांगते. “आमच्याकडे मोजणी चालू आहे.”